मोठ्या ड्रमचे दोन ठोके

या, जरा जवळ सरका. असं दाराशी अंग चोरून बसू नका. तिथे अर्धी गोष्ट वाऱ्यालाच ऐकू जाईल. मांडी घालायला जमत नसेल तर पाय पसरा, माझं काही म्हणणं नाही. आज एका ड्रमची गोष्ट सांगते, आणि तो वाजवणाऱ्या माझ्या दादाची. मध्ये गाणंही येईल. गाण्यावाचून कथा पुढे न्यायला मला जमत नाही, आणि गळा देवाने दिलाय तसाच आहे, तेव्हा तक्रार असेल तर तिकडे करायची.

आधी सुखाचं सांगते. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमच्या लहानपणी गावात मुलामुलींचा एक बँड होता. सराव चाले फायर ब्रिगेडच्या आवारात, कारण आमचे मास्तर तिथेच कामाला होते. आग विझवून आलेले ओले पाइप उंच मनोऱ्यावर टांगून वाळवायचे, हे त्यांचं काम. तरुणपणी ते पलटणीच्या बँडमध्ये होते म्हणे. वर पाइप टांगलेले, त्यांतून पाणी टपटपतंय, आणि खाली आम्ही पोरं डावा-उजवा करत गोल फिरतोय. कुणाच्या तरी मानेवर थेंब पडायचा, ते पोर दचकायचं, आणि अख्ख्या रांगेचा पाय चुकायचा.

"थेंबाला घाबरता? उद्या रस्त्यात माणसं फुलं टाकतील, तेव्हा काय कराल?" मास्तर ओरडायचे.

फुलं कुणी कधी टाकली नाहीत. पण आम्ही तयार होतो.

गणवेश विकत घेण्याची कुणाची ऐपत नव्हती. एक जुनं नाट्यगृह बंद पडलं, त्याचा मखमली पडदा मास्तरांनी मागून आणला आणि आमच्या आयांनी बसून त्याचे कोट शिवले. लाल, जड, धुळीचा वास मारणारे. घाम आला की रंग सुटायचा. मिरवणूक संपवून घरी गेलो की आई आमच्या लाल माना बघून म्हणायची, "वाजवून आलात की मार खाऊन?"

दादा मोठा ड्रम वाजवायचा. मोठा म्हणजे केवढा, तर दादापेक्षा थोडासाच लहान. पट्ट्याने छातीवर बांधला की समोरचं काही दिसायचं नाही. मी त्याच्या पुढे, छोट्या ड्रमवर. काठ्या सारख्या चालायच्या म्हणून माझं नाव पडलं टिपरी. दादा म्हणायचा, "टिपरी, मला ड्रमच्या वरून फक्त तुझ्या टोपीचा गोंडा दिसतो. तो दिसला की समजायचं, पुढे रस्ता आहे." मी खड्डा चुकवला की तो चुकवायचा. एकदा मी मुद्दाम शेणातून... जाऊ द्या. त्याने माझ्याशी आठवडाभर बोलणं टाकलं होतं.

माझ्या बाजूला ट्रम्पेटवर गालफुग्या. त्याचे गाल वाजवताना एवढे फुगत, की मास्तर म्हणायचे, हा फुटला तर बंब आणावा लागेल. आणि मागे झांजा घेऊन खणखण. ती मुलगी एरवी तोंडातून शब्द काढायची नाही, पण झांजा आपटायला लागली की सगळ्या जगावर राग काढायची.

आमच्या चालीला शब्द नव्हते, ते आम्हीच घातले. सगळ्यांचे बूट मागून आणलेले, कुणाला एक लहान तर दुसरा मोठा. म्हणून गाणं असं:

बूट चावतो गं, बूट चावतो,
डावा तोकडा, उजवा ढगळा, बूट चावतो,
तरी चालतो गं, तरी चालतो!

हसा, हसा. पण मनातल्या मनात हे म्हणत चाललं की पाऊल चुकायची सोय नव्हती. मला तर ती प्रार्थनाच वाटायची. आजही देवापुढे हात जोडले की कधी कधी आधी बूटच आठवतो, आणि मला वाटतं त्यालाही राग येत नसावा.

आता एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा, कारण सगळी कथा तिच्यावर उभी आहे. आमच्या बँडचा एक नियम होता. रस्त्यात इस्पितळ आलं की वाजवायचं नाही. मास्तर म्हणायचे, "आजाऱ्याच्या दाराशी आवाज करायचा नाही. पाय चालू, हात बंद." ती खूण दादा करायचा. इस्पितळाची भिंत दिसली की मोठ्या ड्रमवर सुटे सुटे दोन ठोके, धम्म, धम्म, आणि सगळे गप्प. मग भिंत संपेपर्यंत नुसते बूट वाजायचे. भिंत संपली की दादा पुन्हा ठोका द्यायचा आणि बँड सुरू. तो देईपर्यंत कुणी सुरू करायचं नाही, अगदी मास्तरांनीसुद्धा नाही. मास्तर स्वतःच तसं सांगायचे. आम्हाला हे इतकं घोटून घोटून शिकवलं होतं, की ते दोन ठोके ऐकले की हात आपोआप खाली यायचे. मनाला विचारायला जायचेच नाहीत.

एकदा असेच गप्प चाललो होतो, तर वरच्या खिडकीत एक म्हातारा आला. सदऱ्याची बटणं उघडी, दाढी वाढलेली. गजांना धरून ओरडला, "अरे, वाजवा की! थांबलात कशाला? मेल्यावर ऐकवणार का?"

दादाने मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी मान हलवली, नाही. आम्ही भिंत संपेपर्यंत गप्पच चाललो. मागे तो म्हातारा गजांवर हात आपटत होता.

घरी आल्यावर कोट काढताना दादा म्हणाला, "टिपरी, तो माणूस खरं बोलत होता."

"मग वाजवायचं होतंस."

"नियम आहे," दादा म्हणाला. बराच वेळ तो हातातल्या काठीकडे बघत होता.

पुढे काय झालं? जे सगळ्यांचं होतं तेच. मास्तर गेले. फायर ब्रिगेड नव्या जागेत गेली, मनोरा पाडला. कोटांच्या उशा झाल्या. गालफुग्या बस दुरुस्त करायला लागला, खणखण एका शाळेत मुलांना जेवण वाढायला लागली. मी शिवणाचं बघायला लागले. दादा छापखान्यात मशीनवर गेला. लग्न त्याने केलं नाही. विचारलं की म्हणायचा, "एवढा मोठा ड्रम छातीवर बांधून वाढलो, आता आणखी ओझं कोण घेतो?"

मग त्याला कंपवात झाला.

आधी हात थरथरायचा, त्याचं त्याने हसं केलं: "आता काठी धरायला नको, हात आपला आपणच वाजतो." पण पुढे पाय अडायला लागले. चालता चालता मध्येच थांबायचा. दाराच्या उंबऱ्याशी तर हमखास. म्हणायचा, "पाय जमिनीला चिकटलेत. मी सांगतोय त्यांना, ते ऐकत नाहीत." त्याला माझ्याकडे ठेवावं तर माझी खोली तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद. एकदा तो जिन्यातच अडकला, वरही येईना, खालीही जाईना. शेजाऱ्यांनी खुर्चीत बसवून उतरवला. त्यानंतर त्याला म्हाताऱ्यांच्या आश्रमात ठेवावं लागलं. मी त्याला सोडून बाहेर आले आणि बसथांब्यावर देवाशी कडाकडा भांडले. लोक बघत होते. बघू देत.

त्या आश्रमाच्या दोन इमारती होत्या. पुढची आणि मागची. पुढच्या इमारतीत ज्यांना स्वतःच्या पायाने जेवणघरापर्यंत जाता येतं ते. दादाची खोली पुढेच होती, खिडकी रस्त्यावर. दूधवाला, शाळेची पोरं, भांडणं, लग्नाच्या गाड्या, सगळं तिथून दिसायचं. ज्यांना चालता येत नाही त्यांना मागे न्यायचे. मागच्या इमारतीत ओळीने खाटा, आणि खिडकीबाहेर पाण्याच्या टाकीची भिंत. भेटायला फक्त रविवारी. मागे गेलेलं कुणी पुढे आलेलं नव्हतं.

मोठ्या सिस्टर वाईट नव्हत्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मावशी, तुमचे भाऊ रोज दारात अडकतात. माझ्या हाताखालच्या दोन मुली त्यांना ढकलत नेतात, बाकीच्यांचं जेवण खोळंबतं. मी महिनाअखेर बघेन. स्वतः जेवणघरापर्यंत आले तर राहतील. नाही तर मागे."

दादाला सांगितलं. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "टिपरी, मला मागे नेऊ देऊ नकोस."

आयुष्यात त्याने माझ्याकडे एवढं एकच काही मागितलं.

आता बघा कसं झालं. एकदा मी त्याच्यासाठी डब्यात खायला आणलं होतं आणि झाकण अडकलं. मी चमच्याने झाकणाच्या कडेवर ठोकायला लागले, टक टक, टक टक. दादा दारात अडकून उभा होता. आणि त्याचा डावा पाय उचलला गेला. मग उजवा. तो सरळ उंबरा ओलांडून बाहेर! मी आ वासून बघत राहिले, ठोकणं थांबलं, आणि तोही थांबला.

"थांबू नकोस, गाढवे!" दादा ओरडला.

मी ठोकत राहिले, तो चालत राहिला, आणि दोघंही रडत होतो. मी म्हटलं, देवा, तू पण काय, डब्याच्या झाकणातून येतोस होय?

त्या दिवसापासून आमचा सराव सुरू झाला. मी पुढे, दादा मागे, खोलीबाहेरच्या बोळात, आमच्या बाजूच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. डब्याऐवजी मी एक खेळण्यातला ड्रम मिळवला. आणि बघता बघता दादाचा उजवा हात हलायला लागला. ड्रम छातीवर असल्यासारखा तो हवेत ठोके द्यायचा. खरं तर मी वाजवत होते म्हणून तो चालत होता. पण त्याच्या मनात उलटंच होतं. तो ठोका देतोय आणि टिपरी त्यावर वाजवतेय. खरं सांगू? थोड्या दिवसांत मलाही तसंच वाटायला लागलं. त्याचा हात खाली आला की माझी काठी पडायची. छोट्या ड्रमने मोठ्याच्या ठोक्यामागे जायचं असतं, दुसरं काही मला शिकवलंच नव्हतं.

खोल्याखोल्यांतून म्हातारे दारात येऊन बसायचे. एक आजी रोज टाळ्या वाजवायच्या, आणि रोज विचारायच्या, "लग्न कुणाचं?"

"याचंच," मी सांगायचे.

"मग नवरी कुठाय?"

"अजून शोधतोय, आजी," दादा चालता चालता म्हणायचा. तेव्हा तो खरंच तेरा वर्षांचा दिसायचा.

महिनाअखेरीस मी गालफुग्याला आणि खणखणला बोलावलं. खरं तर गरज नव्हती. पण मला वाटलं, दादाला आवडेल. आणि मलाही पुन्हा एकदा त्या रांगेत उभं राहायचं होतं. गालफुग्याने माळ्यावरून ट्रम्पेट काढून आणलं. पुढचे दात गेलेले, फुंकर इकडून तिकडून निसटायची. खणखणने आश्रमाच्याच स्वयंपाकघरातली दोन झाकणं मागून घेतली.

"एवढ्या वर्षांनी भेटलीस आणि अजून गप्पच?" गालफुग्या तिला म्हणाला.

"तू अजून फुटला नाहीस, हेच बघतेय," ती म्हणाली. दादा एवढा हसला की त्याला ठसका लागला.

मोठ्या सिस्टर आल्या. आमच्याकडे बघून त्यांच्या ओठांवर हसू आलं. "हात लावायचा नाही. वाजवायचं तर वाजवा. खोलीपासून जेवणघरापर्यंत. माझी स्वतःची इच्छा आहे की ते यावेत."

मी पुढे उभी राहिले. डोक्यावर लोकरीची टोपी घातली होती, आणि वर एक लाल गोंडा शिवून आणला होता. मागून दादाचा आवाज आला, "दिसतोय."

आणि सुरू झालं. बूट चावतो गं, बूट चावतो! गालफुग्याचं ट्रम्पेट भांडणाऱ्या बदकासारखं वाजत होतं, पण चाल तीच होती. खणखणने झाकणं आपटली तशा आजी उठून नाचायलाच लागल्या. उंबरा आला, दादाने ओलांडला. मला मागे बघायची गरज नव्हती. त्याचे बूट ऐकू येत होते, डावा, उजवा, एकही चूक नाही. देवाशपथ सांगते, माझ्या मानेवर लाल रंग सुटलाय असं वाटत होतं. मी मनात म्हणत होते, देवा, एवढं जेवणघर येऊ दे, पुढे काही मागणार नाही.

पण आम्ही सराव केला होता तो बोळाच्या आमच्या बाजूला. जेवणघर दुसऱ्या बाजूला. तिकडे जाताना वाटेत मागच्या इमारतीचं दार लागायचं, मोठं, काचेचं. रोज त्या मुली दादाला ढकलत न्यायच्या तेव्हा त्याची मान खाली असायची. त्याने त्या काचेतून कधी आत बघितलंच नव्हतं. त्या दिवशी तो ताठ मानेने चालत होता. काचेच्या आत ओळीने खाटा होत्या. खाटांवर माणसं होती. एकाने आमचा आवाज ऐकून मान वळवली होती.

मी ते दार बघितलं, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून मला मागे दादाचा हात दिसला. हवेत वर गेला. आणि सुटे सुटे दोनदा खाली आला.

धम्म. धम्म.

आवाज नव्हता हो! ड्रमच नव्हता. पण मला ऐकू आला. माझ्या काठ्या खाली आल्या. गालफुग्याच्या तोंडापासून ट्रम्पेट बाजूला झालं. खणखणची झाकणं छातीशी थांबली. तिघांनी एकाच क्षणी, पोरपणी थांबायचो तसंच. मनाला कुणी विचारायलाच गेलं नाही. मास्तर असते तर म्हणाले असते, शाबास.

पाय चालू, हात बंद. पण दादाचे पाय आवाजावरच चालत होते. आवाज गेला आणि ते जमिनीला चिकटले.

त्या दाराशी सगळे गप्प उभे होतो. सिस्टरना वाटलं, आमचं काही ठरलंय. आजींनी विचारलं, "नवरी आली का?" आणि आम्ही तिघं, तुम्हाला वेडेपणा वाटेल, पण आम्ही वाट बघत होतो. दादा पुन्हा ठोका देईल म्हणून. तो दिल्याशिवाय सुरू करायचं नसतं ना. मी वळून बघितलं. त्याचा हात हवेत थरथरत होता, आणि डोळे माझ्याकडे, गोंड्याकडे. ठोका द्यायचा होता त्याला. हात ऐकत नव्हता.

तेव्हा मला भान आलं आणि मी वाजवायला लागले. पण नुसतीच बडवायला लागले हो, घाईघाईने. चाल नाही, ठेका नाही. गालफुग्याने फुंकलं तर नुसती हवा. दादाने पाय उचलायचा प्रयत्न केला, उचललाही, पण उजवा. बँडमध्ये पहिला पाय नेहमी डावा, आणि त्याचा आयुष्यात पहिल्यांदा उजवा. दुसरा मागेच चिकटलेला. गालफुग्याने धरायला हात पुढे केला, पण हात लावायचा नाही असं सांगितलेलं, म्हणून तो क्षणभर सिस्टरकडे बघत राहिला. तेवढ्यात दादा त्या काचेच्या दाराशी कोसळला.

खुब्याचं हाड मोडलं. सिस्टर गुडघ्यांवर बसून त्याचं डोकं धरून रडत होत्या, "मावशी, मला माफ करा, हात लावायचा नाही असं मी म्हणायला नको होतं." त्यांची काय चूक? गालफुग्या म्हणत होता माझी, खणखण म्हणत होती माझी. चूक कुणाचीच नव्हती. आम्ही बँडमध्ये होतो, एवढंच.

दादा आता मागच्या इमारतीत आहे. काचेच्या दारातून आत, ओळीत तिसरी खाट. खिडकीत पाण्याच्या टाकीची भिंत. डॉक्टर म्हणाले हाड जुळेल, पण उभं राहण्याची आशा धरू नका. मी धरली होती. बरेच रविवार धरली. मी देवाशी भांडतही नाही आता. देवळात जाते, नमस्कार करते, आणि त्याच्याकडे बघत राहते. तोही माझ्याकडे बघतो.

दादाचं बोलणं कमी होत होत बंद झालं. मागच्या खेपेला मी त्याच्या खाटेच्या दांडीवर नखाने हळूच वाजवायला लागले. बूट चावतो गं, बूट चावतो. अगदी हळू, शेजारच्या खाटेलाही ऐकू जाणार नाही इतकं. टोपी घालूनच गेले होते. मला वाटलं, निदान पांघरुणाखाली अंगठा तरी हलेल.

अंगठा नाही हलला. त्याचा हात हलला. पांघरुणावरून जरासा उचलला गेला, आणि गादीवर दोनदा पडला. सुटे सुटे.

आजाऱ्याच्या दाराशी आवाज करायचा नाही.

मी थांबले. थांबणारच ना. मग त्याच्या हाताकडे बघत बसून राहिले, वेळ संपल्याची घंटा होईपर्यंत. पुढचा ठोका त्याने दिला नाही.

झाली गोष्ट. पाय दुखले असतील, उठा आता. फक्त एक मागणं आहे. कधी तुमच्या रस्त्यावरून पोरांचा बँड गेला, आणि त्यात कुणी एवढुसा मुलगा भला मोठा ड्रम छातीवर घेऊन, पुढचं काही न दिसता, कुणाच्या तरी टोपीकडे बघत चाललेला दिसला, तर जरा थांबा. आणि माझ्या दादाची आठवण काढा. भिंत अजून संपलेली नाही म्हणून तो गप्प आहे, आणि आम्हीही.